हिप्परग्याचा चिखल आणि सायबेरियाचे पाहुणे

सोलापूरजवळ तुळजापूर रोडवरचा हिप्परगा तलाव, म्हणजे कागदोपत्री एकरुख, तिथं यंदा थंडीत जाऊन आलो. फोटोजेनिक वगैरे काही नाहीये हं, आधीच सांगतो. पाणी मागं सरकलं की काठाला कुजकं शेवाळ, मेलेले मासे, शेणाचा राडा, कुणीतरी आणून टाकलेली कोंबड्यांची पिसं, आणि वर वेड्या बाभळीचे काटे. पण चिखलपक्षी बघायचेत ना, मग बरोबर तिथंच जायचं, कारण त्या सडक्या चिखलात किड्याअळ्यांची चंगळ असते आणि यांना पाणी बोटभरच लागतं. बांधीव घाटाचा सुंदर तलाव यांच्या काही कामाचा नाही.

शेकाट्या लगेच दिसतात, लांब गुलाबी पाय, त्यात काही विशेष नाही. खरी मजा छोट्या टिलव्यांची. पंचवीसेक ग्रॅमचा जीव, सायबेरियाच्या टुंड्रातून येतो आणि शिलाई मशिनच्या सुईसारखी चोच मारत नुसता पळत सुटतो. पाय काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळट हिरवे असतील तर टेमिंकचा, पण चिखल लागलेला असला की सगळेच काळे दिसतात म्हणून घाईनं नाव ठरवू नका. वुड सॅन्डपायपरची पाठ ठिपकेदार आणि भुवई ठळक असते, ग्रीन सॅन्डपायपर उडाला की वरून काळा आणि ढुंगण पांढरंशुभ्र. मध्येच दलदलीतला भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, आला की अख्खा थवा हवेत, तेव्हा पळापळ करू नका, गप बसा, बहुतेक वेळा तिथंच परत उतरतात.

म्हशी धुणाऱ्या एका मामांनी विचारलं, "काय शोधायलाय ओ, काय हरवलं काय?" पक्षी म्हटल्यावर, "हितं? ह्या घाणीत?" पण पाय कुठं रुततो ते त्यांनीच दाखवलं, तेव्हा अशा माणसांना आधी रामराम घाला. वरून वाळलेला भेगाळ चिखल आत लोण्यासारखा असतो, त्यावर एकट्यानं जाऊच नका.

गमबूट, जुनी पँट, पाणी घ्या. कुत्री असतात, हातात काठी ठेवा पण उगारू नका. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण चालते, टिलव्यांसाठी स्कोप, म्हणजे तिवईवरची एकडोळी मोठी दुर्बीण, असला तर उत्तम. सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, पण उन्हाची तयारी असेल तर एप्रिलमध्येही एक चक्कर मारा, जाण्याआधी टिलवे तांबूस व्हायला लागतात, फक्त उजाडतानाच पोचा, ऊन चढलं की चिखलावर हवा थरथरते आणि स्कोपमधून सगळे पक्षी एकसारखेच दिसतात.