आमची वाटचाल: इतवारीचा ठसा, हिंगण्याची प्रेस

शेप मेमरी पॉलिमर, म्हणजे तापवलं की मूळ आकारावर परतणारं प्लास्टिक, म्हटलं की लोक नाक वर करतात. अहो, केबलवाल्यांची हीट-श्रिंक स्लीव्ह त्याच जातीची. ते आख्खी नळी आकसवतात, आम्ही फक्त पृष्ठभागाला कामाला लावतो. शीट टीजीच्या (ज्या तापमानाला हे प्लास्टिक मऊ पडतं त्याच्या) वर तापवायची, ठसा दाबायचा, दाब न सोडता थंड करायची. नक्षी बसते. पुढे कधी तेवढी उष्णता लागली की नक्षी सपाट होते आणि गार केलं तरी परत येत नाही. म्हणून आमचे टॅग लशींच्या आणि जिवाणू खतांच्या खोक्यांवर जातात. माल वाटेत तापला की टॅग चुगली करतो.

ठशांसाठी नागपूरच्या इतवारीतले एक काका लाभले, जन्मभर पितळी शिक्के खोदलेले. ड्रॉइंग पाहून म्हणाले, "रेघेची भिंत सरळ उभी नको, उतार द्या जी." उतार दिला आणि ठसा सुटताना कडा ओढल्या जाणं थांबलं. एकदा त्यांना उलटी गंमत दाखवली. शीटवर खळगा दाबला, भोवतीचा भाग एमरी पेपरने घासून खळग्याच्या पातळीला आणला, मग तापवली. खाली दबलेला माल उसळून तिथे टेकडी आली. काका चष्मा काढून कितीतरी वेळ बोट फिरवत बसले. "पितळ असं नाही करत बाप्पा!"

मधली वर्षं बरी गेली. प्रेस दोनाच्या तीन झाल्या.

मग ती ऑर्डर आली. एका मोठ्या वितरकाला 50 अंशांचे टॅग दिले. माल त्यांनी वाडीकडच्या टिनाच्या गोदामात रचला, तोही नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. बाहेर पारा 45 च्या वर, तर पत्र्याखाली काय असेल ते नागपूरकराला सांगायला नको. सगळ्या टॅगांची नक्षी गेली. म्हणजे टॅगांनी नेमून दिलेलं काम चोख केलं! आणि आम्हाला काय मिळालं? "माल खराब" असा शेरा. पेमेंट अडकलं, कामगारांचा पगार सोनं गहाण ठेवून केला, दोन प्रेस विकल्या.

आमच्या स्पर्धकाने लगेच पिल्लू सोडलं, "यांच्या पॉलिमरला दमट हवा लागली." आमचं पॉलिमर, पॉलियुरेथेन, पाणी पितं आणि टीजी उतरतो, हे खरं. पाण्यात मुरवलं तर तीसेक अंशांनीही उतरतो. पण आमचे पाउच सीलबंद, आणि मे महिन्यात नागपुरात दमट हवा शोधून दाखवा! त्याने त्याच वितरकाला साधे छापील स्टिकर विकले. ते कधीच बदलत नाहीत, त्यामुळे वितरक खूश.

उभं ठेवलं उमरेड रोडच्या ताईंनी. त्या रायझोबियमची, म्हणजे जिवाणू खताची, पाकिटं करतात. त्यांनी गेलेली नक्षी पाहून ट्रान्सपोर्टरला धारेवर धरलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला आगाऊ पैसे देऊन ऑर्डर वाढवली. टॅग वाचता येणारं गिऱ्हाईक असं असतं.

नव्या पोरांनो, तीन गोष्टी ऐका. टीजी ही रेघ नसते, पट्टा असतो. त्याच्या आधीच नक्षी ढिली पडायला लागते, तेव्हा कोटेशनमध्ये एकच आकडा लिहू नका. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, हीटरला नाही, ठशाला लावा. आणि एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा, कायदा वाचा. तक्रार 15 दिवसांत लेखी आली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात, आणि पेमेंटला 45 दिवसांच्या वर मुदत चालत नाही. आमच्या वितरकाची तक्रार दोन महिन्यांनी आली, तीही फोनवर. केस टाकली आहे. त्या बिलाचा जीएसटी मात्र आम्ही केव्हाच भरला.