बरोबरीत कोण आधी?

आमच्या गेमची बीटा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती बाहेर गेल्यापासून खेळाडूंच्या तक्रारींत एकच वाक्य फिरून फिरून येत होतं: फासा खोटा आहे. वार लागण्याची शक्यता म्हणून पडद्यावर ८५ टक्के दिसतात आणि वार चुकतो. पुन्हा ८५ दिसतात, पुन्हा चुकतो. एकाने तर लढाईचा व्हिडिओ पाठवला होता आणि खाली फक्त "चोर" एवढंच लिहिलं होतं.

मी पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत टेस्टिंगला आहे. युरोपातल्या एका कंपनीचा फँटसी आरपीजी, म्हणजे पात्रं घेऊन खेळायचा गेम, तयार होतोय, त्यातल्या लढायांचं काम आमच्याकडे आहे. करारामुळे नाव सांगता येत नाही. नातेवाइकांची समजूत अशी की मी पगार घेऊन दिवसभर गेम खेळते. खरं तर मी एकच लढाई पुन्हा पुन्हा खेळते, दर वेळी एकच गोष्ट बदलून. उरलेला वेळ जातो तो जे दिसलं ते अशा भाषेत लिहिण्यात, की "आमच्याकडे असं होत नाही" म्हणून कुणाला तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करता येऊ नये.

सपोर्टवाल्यांकडे या तक्रारीचं उत्तर तयारच असतं. माणसाला शक्यतांचा अंदाज येत नाही, चुकलेले वार लक्षात राहतात, लागलेले विसरले जातात, वगैरे. उत्तर खोटं नाही. ८५ टक्क्यांचे वीस वार असलेली लढाई घेतली, तर साधारण तीनपैकी एका लढाईत कुठेतरी सलग दोन वार चुकतातच. पण समोरच्याला "घोळ तुझ्या डोक्यात आहे" हे सांगायची आमच्या धंद्यात सगळ्यांना फार घाई असते. व्हिडिओवाल्यालाही तेच उत्तर गेलं आणि तिकीट बंद झालं. त्यात लढाई कुणी शेवटपर्यंत पाहिली असेल असं मला वाटत नाही.

माझ्याकडे हे प्रकरण आलं ते वेगळ्याच वाटेने. क्लायंटच्या प्रोड्यूसरचं म्हणणं पडलं की लोकांना फासा खोटा वाटतोय ना, मग तो खरंच खोटा करू, पण त्यांच्या बाजूने. याला पूर्वपीठिका आहे. फायर एम्ब्लेम या जपानी गेम-मालिकेच्या २००२ पासूनच्या बऱ्याच भागांत वारासाठी ० ते ९९ मधले दोन आकडे काढतात आणि त्यांची सरासरी धरतात. सरासरी मधल्या भागातच जास्त घुटमळते. त्यामुळे पडद्यावर ८५ दिसत असले तरी वार लागण्याची खरी शक्यता ९५.६५ टक्के होते, आणि २० दिसत असतील तर ८.२. बाल्डर्स गेट ३ या गेममध्येही सलग अपयश टाळणारी एक सोय मुळातच चालू असते, नको असेल तर बंद करता येते. म्हणजे प्रोड्यूसर काही पाप सुचवत नव्हता. मला एवढंच सांगण्यात आलं की बदल करण्याआधी आत्ताचा फासा मोजून ठेव, नंतर तुलनेला आकडे लागतील.

मोजणं हे आमचं आवडतं काम. टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायच्या, लढाईचं एक सुख असतं, ती जशीच्या तशी पुन्हा घडवता येते. संगणकाचा फासा खरा फासा नसतोच. सुरुवातीला त्याला एक आकडा देतात, तो 'सीड'. त्यातून पुढचे सगळे आकडे ठरलेल्या क्रमाने निघतात. सीड तोच आणि हुकूमही तेच दिले, तर तोच गॉब्लिन त्याच टर्नला तोच वार चुकवतो. मारधाडीच्या गेममध्ये टेस्टरला "बटण अर्धा सेकंद उशिरा दाबलं होतं बहुतेक" असं लिहावं लागतं. आम्हाला नाही. रात्री बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, लावून घरी जायचं. तो दोन्ही बाजूंनी लढाया खेळत बसतो आणि सकाळी प्रत्येक टर्नची नोंद टेबलवर तयार असते.

सकाळी पाहिलं तर फासा चोख. ८५ दाखवलेले वार ८५ च्या अगदी जवळ लागत होते, ६० चे ६० च्या. तिथेच थांबले असते तर प्रोड्यूसरला हवे ते आकडे मिळाले असते आणि मी वेळेवर जेवले असते. पण नोंदीत आणखी एक रकाना होता: पहिली टर्न मिळण्याआधीच बाद झालेली पात्रं. त्यात आमची मांत्रिक मुलगी वारंवार दिसत होती. मग मी व्हिडिओवाल्याची लढाई पुन्हा काढली. त्याचा तिरंदाज दोनदा चुकला होता हे खरं. पण त्याच्याही आधी दलदलीतल्या दोन चेटकिणींनी आपापल्या टर्न घेऊन मांत्रिकेला झोपवलं होतं. लढाई तिथेच हातची गेली होती. त्याने त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

इथे थोडं थांबून टर्नचा क्रम कसा ठरतो ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की एकदा तू, एकदा मी. आमच्या गेममध्ये प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला प्रत्येक पात्राचा वेग आणि त्याच्या फाशावर पडलेला आकडा यांची बेरीज होते. जास्त बेरीज त्याची टर्न आधी. क्रम पडद्याच्या वरच्या बाजूला चेहऱ्यांच्या रांगेत दिसतो. ही रांग दाखवणं हेसुद्धा मोठं औदार्य आहे. फायनल फँटसी या गेम-मालिकेच्या १९८७ च्या पहिल्या भागात चौघांनाही आधीच हुकूम देऊन ठेवावे लागत, मग क्रम ठरे, आणि तुमच्या योद्ध्याची पाळी येईपर्यंत त्याचा राक्षस दुसऱ्याने मारलेला असला तर त्याचा वार फुकट जाई. २००१ च्या दहाव्या भागात मात्र पुढे कोणाकोणाची पाळी आहे याची यादी समोर असायची. आमचा डिझायनर त्या दहाव्या भागाचा भक्त आहे. त्याची ही एक भक्ती मला मान्य आहे.

तर हा फासा आधी वीस बाजूंचा होता. बीटाच्या काही महिने आधी डिझायनरने तो चार बाजूंचा केला. कारण रास्त होतं: वेग ६ आणि वेग ४ यांतला दोनाचा फरक विसाच्या फाशात वाहून जातो, मग खेळाडूने वेग वाढवायचा कशाला? बाल्डर्स गेट ३ मध्येही क्रमासाठी चाराचाच फासा आहे.

आमच्या मांत्रिकेचा वेग ६, चेटकिणीचाही ६. म्हणजे निम्म्या वेळा ही आधी, निम्म्या वेळा ती, असं असायला हवं. बॉटच्या नोंदीत चेटकीण साडेबासष्टच्या आसपास टक्के वेळा आधी येत होती. आधी वाटलं, बॉटच बिघडलाय. मग कागदावर चार बाय चारचा तक्ता काढला, सोळा घरं. सहा घरांत मांत्रिक पुढे, सहा घरांत चेटकीण पुढे, चार घरांत बरोबरी. सहा अधिक चार दहा, आणि सोळातले दहा म्हणजे नेमके ६२.५ टक्के. बरोबरीची चारही घरं चेटकिणीच्या खिशात जात होती.

कागद घेऊन मी आमच्या प्रोग्रॅमरकडे गेले. तिने हेडफोन एका कानावरून सरकवला, कागद पाहिला आणि म्हणाली, "अगं, बरोबरीचं कुणी काही लिहिलेलंच नाहीये." तीच तर गंमत होती. 'बरोबरीत शत्रू आधी' असा नियम कुठेच नव्हता. क्रम लावणारं फंक्शन समान बेरजेच्या पात्रांना मूळ यादीत होती तशीच ठेवतं. मूळ यादीत शत्रू आधी असतात, कारण जागा उभी राहतानाच ते तिथे मांडलेले असतात आणि नायक संवाद संपवून मागाहून येतात. बँकेत एकाच नंबरची दोन टोकनं निघावीत आणि दर वेळी खिडकीला खेटून उभा असलेलाच आधी पुढे जावा, तसं. विसाच्या फाशातही हे चालू होतंच, पण तिथे चारशे घरांत बरोबरीची वीस. शत्रू ५२.५ टक्के वेळा पुढे. ते कुणाच्या बापाला कळणार नाही. फासा चाराचा झाला आणि तोच दोष खेळाडूंच्या अंगावर आला.

त्यांनी बोट मात्र दुसरीकडेच ठेवलं होतं. मला यात त्यांची चूक वाटत नाही. आम्ही पडद्यावर टक्क्यांत एकच आकडा दाखवतो, वार लागण्याचा. क्रमाचे फक्त चेहरे दिसतात, बेरीज दिसत नाही. लढाई हरल्यावर माणूस राग काढणार तो दिसणाऱ्या आकड्यावरच. दुखत होतं ते खरंच दुखत होतं, जागा तेवढी त्यांना सापडली नव्हती. आणि आम्ही त्यांना मेंदूचे दोष समजावून सांगत होतो.

दुरुस्ती एका ओळीची होती: बरोबरी झाली तर नाणेफेक. प्रोग्रॅमरने ती तिथल्या तिथे करून दिली. दुपारपर्यंत बॉटने नवे आकडे दिले आणि डिझायनरचा चेहरा उतरला. दलदलीतल्या सगळ्या लढाया मऊ पडल्या होत्या. साहजिकच आहे. त्याने कितीतरी महिने खेळून खेळून त्या जमवल्या होत्या, कुठे किती शत्रू, त्यांना किती जीव, वाटेत औषधाच्या किती बाटल्या. हे सगळं त्याने त्या दोषासकट जमवलं होतं. त्याच्या हाताला ६२.५ चीच सवय झाली होती.

क्लायंटबरोबरच्या कॉलवर त्याने तोडगा मांडला: नाणेफेक ठेवा, फक्त शत्रूंचा वेग एकाने वाढवा. ऐकायला समंजस वाटतं. मी पुन्हा सोळा घरं काढली. शत्रूला एक वाढवून दिला की तो दहा घरांत निखालस पुढे, तीन घरांत बरोबरी, आणि नायक फक्त तीन घरांत. बरोबरीची निम्मी घरं धरली तर शत्रू जवळजवळ ७२ टक्के वेळा आधी. दुरुस्तीच्या नावाखाली रोग वाढला असता. डिझायनर म्हणाला, "मग अर्धा वाढव." वेग पूर्णांकातच साठवलेला आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तेव्हा प्रोग्रॅमर स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाली, "वेग एकाने वाढवा आणि बरोबरी नायकांना द्या."

मी तक्त्यावर पाहिलं. शत्रू दहा घरांत पुढे, नायक सहा. ६२.५. आधी शत्रूला बरोबरी पुरत होती. आता एक जास्त मिळतोय, पण बरोबरी पुरत नाही, तो एकाने पुढेच असायला हवा. दोन्ही अटी एकच. मी इतर वेगांवरही करून पाहिलं, वेग आमच्याकडे वार चुकवण्याच्या हिशेबात तर येत नाही ना तेही तपासलं. येत नाही. म्हणजे हा बदल केला असता कुठलाच साधा क्रम बदलणार नव्हता. डिझायनर आधी हसायला लागला, मग आम्ही सगळेच.

प्रोड्यूसरला हे इतकं आवडलं की फासा खोटा करायची योजना त्याने त्याच कॉलमध्ये बाजूला ठेवली. पॅचच्या, म्हणजे दुरुस्त आवृत्तीच्या, टिपणात पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत गेलं: बरोबरी झाल्यास यापुढे नायकांची टर्न आधी. बऱ्याच खाली, 'शत्रूंच्या आकड्यांत किरकोळ बदल' या ओळीत तो एक मिळवलेला वेग. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मला ते तरीही खुपतं. त्या ठळक ओळीने जे दिलं ते खालच्या किरकोळ ओळीने पुरतं परत घेतलं होतं, आणि दोन्ही ओळी एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिल्या होत्या.

प्रोग्रॅमर माझ्याशी यावर भांडली. तिचं म्हणणं, खोटेपणा आधी होता. शत्रूवर कर्सर नेला की त्याचा वेग दिसतो. आधी तिथे ६ दिसायचे आणि चेटकीण ७ असल्यासारखी वागायची. आता ७ दिसतात आणि ती ७ सारखीच वागते. ज्याला पाहायचंय त्याला पाहता येतं. याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. खालची ओळ 'किरकोळ' म्हणून लिहायला नको होती, एवढं मात्र मी धरून आहे.

पॅच गेला आणि तक्रारी थंडावल्या. "अखेर ऐकलंत", "आता लढाई न्याय्य वाटते". एकाने लिहिलं की आता त्याचे वार पूर्वीपेक्षा जास्त लागतायत, फासा सुधारलेला जाणवतो. फाशाला कुणी हात लावलेला नव्हता. सपोर्टवाल्यांनी त्याला धन्यवाद दिले. या वेळी मेंदूच्या दोषांचा उल्लेख केला नाही.

मग एक संदेश आला, अगदी कोरडा. पूर्वी चेटकिणीवर मंदगतीचा मंत्र टाकला तरी क्वचित ती माझ्या मांत्रिकेच्या आधी यायची, पॅचनंतर एकदाही आली नाही, हे मुद्दाम केलंय का? मी पुन्हा कागद काढला. मंदगतीने वेग निम्मा होतो आणि अपूर्णांक सोडला जातो. आधी ६ चे ३ व्हायचे, आता ७ चेही ३ च होतात, पण बरोबरी आता तिच्याकडे नाही. पूर्वी सोळातल्या एका घरात ती पुढे यायची, आता एकाही नाही. मुळात विषम वेग असलेल्या शत्रूंवर काहीच फरक पडत नाही, सम असलेल्यांवर पडतो. सगळ्या पॅचमध्ये टर्नच्या क्रमात खरोखर बदललेली गोष्ट ही एवढीच होती, आणि ती एकाच माणसाने पकडली होती.

मी तिकीट काढलं. अपूर्णांक खाली न सोडता वर चढवला तर ७ चे ४ होतील आणि सगळं पुन्हा तंतोतंत जुन्यासारखं होईल, हेही त्यात लिहिलं, कारण लिहिणं माझं काम आहे. गंभीरता: किरकोळ. डिझायनरला टॅग केलंय. मी स्वतः तरी त्याला आठवण करून देणार नाहीये.