तुम्ही विचारलंत म्हणून: रोज तोच रस्ता, कंटाळा नाही येत?

हा प्रश्न मला सोसायटीत येतो, ऑफिसात येतो, ट्रॅकवर भेटणाऱ्या मुली तर हमखास विचारतात. "काकू, रोज तोच रस्ता, कानात इअरफोनपण नाही, बोअर नाही होत?" म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. नाही होत. उलट रस्ता बदलला की माझं चालणं बिघडतं.

रस्ता म्हणाल तर साधाच. नवी मुंबईत नेरुळला सेक्टर 26 मधल्या ज्वेलच्या, म्हणजे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेच्या, ट्रॅकवर सुरुवात, मग पामबीच रोड ओलांडून चाणक्यच्या, म्हणजे टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षण संस्थेच्या, बाजूला खाडीच्या अंगाला आणि तसंच मागे. सकाळी सहाला. ज्वेलचं तळं बघून लोकांना वाटतं की बागेसाठी तळं केलंय, पण ते आहे होल्डिंग पॉन्ड. आपल्या शहराचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर, त्यामुळे भरती असताना धो धो पाऊस लागला तर ते पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने डच लोकांच्या धर्तीवर ही तळी ठेवली, भरतीला पावसाचं पाणी इथे साठायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. हे समजलं तेव्हापासून मला त्या तळ्याचं फार अप्रूप वाटतं.

तर एकच रस्ता का? एक म्हणजे तो एकच आहे म्हणून तर त्यात काय बदललं ते दिसतं. आमच्याकडे, म्हणजे पेणच्या बाजूला, जुनी माणसं भरतीचं गणित तोंडी करायची, तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे मी निघते तेव्हा पाणी आत आलेलं असतं, पण अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती, त्यामुळे फार चढत नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती जाते अकरा-सव्वाअकराच्या पुढे, मग सहाला खाडी लांबपर्यंत उघडी. मोबाइलवर टाइड टेबल असतं हो, पण मला हे मनातल्या मनात करायला आवडतं, आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकत असल्यामुळे त्याच वेळी त्याच जागी उभं राहिलं तरी कालची खाडी आज नसते. ओहोटीला तिवरांची, म्हणजे खारफुटीची, वर आलेली मुळं दिसतात, पेन्सिलीएवढी, हजारोंनी, चिखलातून सरळ उभी, आणि त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात. एक निवटी एकदा माझ्यासमोरच मुळाला चिकटून बसली होती, दोन्ही डोळे डोक्यावर, गालफडं फुगवलेली, आणि मी हलले तशी टुणकन चिखलात. तिच्याकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. रोज नवा रस्ता धरला असता तर माझं सगळं लक्ष खड्डे, कुत्रे आणि रिक्षांवर असतं, निवटी कुठून दिसायची?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पायांना रस्ता पाठ झाला की डोकं मोकळं होतं. मधे आईचा विषय होता, ती गावी एकटी, गुडघे गेलेले, आणि मला तिला इकडे फ्लॅटमध्ये आणायचं होतं आणि तिला यायचं नव्हतं. मी चालताना तिच्याशी मनात भांडायचे. काही दिवसांनी लक्षात आलं की पामबीचच्या सिग्नलला आलं की माझं तेच वाक्य येतं, "तुला काही झालं तर रात्री कोण आहे तिथे?" रोज तिथेच. मग एके दिवशी ते वाक्यच नीट ऐकलं. मला भीती रात्रीची होती, दिवसा वाडीतली सगळी येऊन-जाऊन असतातच की. शेजारच्या वहिनी आता रात्री आईकडे झोपायला येतात, आई तिच्या घरात आहे आणि मला झोप लागते. घरात सोफ्यावर बसून हे सुचलं नसतं असं मला अगदी मनापासून वाटतं, तिथे बसलं की हात मोबाइलकडे जातो.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचा अभ्यास आला होता, चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचतात, आणि गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललेल्यांनाही सुचल्या. म्हणजे रस्ता सुंदरच पाहिजे असंही नाही. फक्त ज्याला एकच ठरलेलं उत्तर असतं त्या कोड्यांना चालण्याचा असा फायदा झाला नाही. त्यामुळे ईएमआयचा हिशोब मी चालताना करत नाही, तो टेबलावर.

इअरफोनचं उत्तर यातच आलं. गाण्यांवर माझं प्रेम आहे, पण ती स्वयंपाक करताना. चालताना कानात कोणी बोलत असेल तर माझं ते सिग्नलवरचं वाक्य मला ऐकूच आलं नसतं.

आणि रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का, हेही विचारतात. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं त्याच्या नावातून पसरला, डॉक्टरांनी ठरवलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे अर्धा तास भराभर, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत वेग. मी घड्याळात पावलं बघणं सोडलंय, कारण आकडा दिसला की निवट्या दिसत नाहीत.

ज्यांना फ्लेमिंगो बघायला माझ्याबरोबर यायचंय त्यांना एक सांगते, सहाला येऊन रुसू नका. ओहोटीला ते खाडीतल्या चिखलावर चरायला लांब पांगतात, भरतीने चिखल बुडाला की आतल्या पाणथळ जागांकडे येतात. म्हणून थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत केव्हाही, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार धरा, दहाच्या सुमारास चाणक्यच्या मागे या, टोपी आणि पाणी घेऊन. त्या दिवशी मी दोनदा चालेन.