दोन ठिपके

दोनच ठिपके. पांढरे, इअरबडच्या टोकाने दिलेले. त्यांच्यापायी रात्रीचे अकरा वाजले.

मी अपंगांच्या रंगकामाच्या वर्गात मदत करते. तिथल्या दादांच्या पणतीच्या काठावर पाच ठिपके झाले, मग मोकळी जागा, मग पुन्हा ठिपके. ती मोकळी जागा मला बघवेना. ते काडी रंगात बुडवत होते, तेवढ्यात माझा हात गेला. ते ज्यावर उत्तर दाखवतात तो हो-नाहीचा बोर्ड शेजारीच होता, त्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. अंगठा उचलून ओल्या रंगावर नेऊन टेकवायला त्यांना पाऊण मिनिट लागलं असेल. बरोबर माझे दोन पुसले. शेजारच्या त्यांच्या एकाही ठिपक्याला धक्का नाही.

पहिल्यांदा रागच आला. बाकीचं सगळं कोण करतं मग? पणत्या रात्रभर पाण्यात मी टाकते, भट्टीची धूळ सुटावी म्हणून. धुळीवर लावलेला रंग टिकत नाही. मग दोन दिवस ऊन, कारण आत ओल राहिली की रंगाचे पापुद्रे निघतात. मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असा एक हात, नाहीतर माती पहिला रंग पिऊन टाकते. आतून आणि चोचीच्या टोकाला अर्धा इंच कोरं ठेवायचं. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, ज्योतीजवळ काळं पडतं, वास मारतं. इअरबडची काडी दादांच्या बोटांत राहत नाही, म्हणून ती पेन्सिलीला चिकटपट्टीने बांधून वर एसीच्या पाइपचा काळा फोम चढवलाय. पणती डुगडुगू नये म्हणून खाली घट्ट कणकेचा गोळा, त्याखाली केकचा फिरता स्टँड. रंग दह्याइतका, पातळ झाला तर काठावरून ओघळतो, फार घट्ट राहिला तर ठिपक्याला शेंडी येते.

आणि या सगळ्याच्या आधी पायांखाली पाट. पाय लोंबकळत असले की तोल सांभाळण्यात खांदे आवळतात आणि हात झटके देतो. पाय टेकले, कोपर टेबलावर आलं, की हात बराच शांत होतो. हे बघायला येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, ते ब्रश बघतात.

एवढं करून माझेच ठिपके पुसायचे?

पण खरंच, ते तिथे कशाला होते?

नव्या मदतनिसांना मीच सांगते, रंगवणाऱ्यांच्या हातावर हात ठेवू नका, हाताखाली ठेवा. वरून धरलेला हात सोडवून घेता येत नाही. खालचा नको असेल तर ते आपला हात उचलून घेऊ शकतात. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, मगच पुन्हा तोंड उघडायचं. आज मी मोजायचं सोडाच, विचारलंही नाही. डाऊन सिंड्रोम असलेली, ऐकू न येणारी कलाकार ज्युडिथ स्कॉट 1987 साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या अपंगांच्या कलाकेंद्रात आली आणि जवळपास दोन वर्षं तिचं तिथे कशातच मन रमलं नाही. मग धाग्यांच्या एका कार्यशाळेत तिने वस्तूंना दोरे गुंडाळायला घेतले ते आयुष्यभर. तिथे दोन वर्षं कळ काढली, मला दोन मिनिटं निघाली नाही.

पंचेचाळिशीच्या माणसाला येणारे-जाणारे 'शाब्बास बाळा' म्हणतात तेव्हा मला केवढं लागतं. आज मी ठिपक्यांनी तेच म्हणाले.

न्यायला आलेल्या त्यांच्या आईंनी विचारलं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, ऊन. आईंचे हात आता... असो.

वर्ग सुटल्यावर दादांच्या अकरा पणत्या ओळीने मांडून बघितल्या. अकराही पणत्यांत मोकळी जागा चोचीच्या डाव्या अंगाला. तिथे डावा अंगठा टेकवून ते पणती फिरवतात, म्हणून असेल. किंवा त्यांना ती तशीच हवी असेल. विचारायला हवं, पण प्रश्न असा करायला हवा की 'हो' हे उत्तर माझी समजूत काढायला येऊ नये. ते मला अजून साधत नाही.

एक मात्र दिसलं. मनगट उचलताना ओढ बसते, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक ठिपक्याला बारीक शेपूट आहे. माझे दोन होते गोल गरगरीत, पाकिटातल्या टिकल्यांसारखे. आंधळ्यालाही ओळखू आले असते! 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मोजलेत. हात स्वस्थ न बसणं हा बाविसावा, आणि त्याचं प्रमाणपत्र मला बिनतपासणी मिळावं.

अंगठ्याचा फराटा तसाच ठेवलाय. पूर्ण वाळल्याशिवाय व्हार्निश नाही, नाहीतर सगळंच फासेल. ती पणती विक्रीच्या खोक्यात जाणार की घरी, ते दादा बोर्डवर दाखवतील.

पुढच्या आठवड्याच्या चाळीस आत्ताच बादलीत टाकल्या. अजून बुडबुडे येताहेत.