ताऱ्याआधीचं टिंब

दोन व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या दोन क्रमवार याद्या, घ्या: (२, ३, ४) आणि (५, ६, ७). बेरीज करा म्हटलं तर कुणी मानही वर करणार नाही. ७, ९, ११, झालं. पण गुणाकार करा म्हटलं की तीन माणसं तीन उत्तरं घेऊन उभी राहतात. पहिला जोडीजोडीने गुणतो: १०, १८, २८. दुसरा त्यांची लगेच बेरीजही करून ५६ सांगतो. तिसऱ्याला प्रत्येकाने प्रत्येकाला गुणायचं असतं, म्हणून तो नऊ आकड्यांचा तक्ताच मांडतो. आणि पंचाईत अशी की चुकलेलं कुणीच नाही.

बेजियन मॉडेलं, म्हणजे आधीचा अंदाज हाती आलेल्या माहितीने सुधारणारी संख्याशास्त्रीय मॉडेलं, लिहिण्याची स्टॅन ही संगणकभाषा या भांडणात पडायलाच तयार नसते. यादृच्छिक आकडे वापरून उत्तराचा अंदाज काढणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीच्या जनकांपैकी एक असलेल्या स्टॅनिस्लाव उलाम यांच्या नावाची ही भाषा, पहिली आवृत्ती २०१२ची. तिच्यात व्हेक्टर म्हणजे उभा स्तंभ. आडवी ओळ गुणिले उभा स्तंभ, एक आकडा मिळेल. उभा गुणिले आडवा, तक्ता मिळेल. उभा गुणिले उभा? मॉडेल कंपाइलच होत नाही, म्हणजे त्याचा चालवण्याजोगा प्रोग्रॅमच बनत नाही. जोडीजोडीने गुणायचं असेल तर ताऱ्याआधी, म्हणजे गुणाकाराच्या * या चिन्हाआधी, एक टिंब द्या (.*), मग बोलू.

नवख्यांना हा आडमुठेपणा वाटतो. मला तो आवडतो. संख्याशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या आर भाषेत नुसत्या ताऱ्याचा अर्थच जोडीजोडीने. शिवाय एक व्हेक्टर आखूड पडला तर ती त्याचेच आकडे पुन्हा पहिल्यापासून वापरते, आणि लांबी सहा आणि तीन अशी, म्हणजे नि:शेष भाग जाणारी, असेल तर कुरकुरही करत नाही. पायथन भाषेतल्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची तऱ्हा त्याहून वरची. ५०० आकड्यांची साधी यादी आणि ५०० ओळींचा एक स्तंभ यांच्यामध्ये तारा टाका. समोर २,५०,००० आकडे येतील. त्यांची सरासरीही निमूट निघते. उत्तर देणाऱ्या यंत्रापेक्षा, तुला नेमकं काय हवंय असं विचारणाऱ्या यंत्रावर माझा जास्त विश्वास बसतो.

बेजियन मॉडेलांत हे टिंब सारखं लागतं, कारण तिथे ज्याचा त्याचा हिशेब वेगळा असतो. समजा रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांतले आहेत आणि औषधाच्या मात्रेचा परिणाम प्रत्येक रुग्णालयात थोडा निराळा आहे. मग प्रत्येक रुग्णासमोर त्याच्या रुग्णालयाचा उतार (मात्रा एकाने वाढली की परिणाम किती बदलतो तो आकडा) ठेवायचा आणि तो त्याच रुग्णाच्या मात्रेशी गुणायचा. इथे शेजाऱ्याच्या मात्रेशी कुणाला देणंघेणं नाही. एकेक रुग्ण घेत जाणारा फॉर लूप लिहूनही हे जमतं, पण टिंबाची एक ओळ वाचताना मॉडेल डोळ्यांपुढे उभं राहतं. बिनकामाचे गुणांक शून्याकडे ओढणाऱ्या हॉर्सशू प्रायरमध्येही (प्रायर म्हणजे माहिती पाहण्याआधीचा अंदाज) हेच: प्रत्येक गुणांकाला स्वतःचा आकुंचनाचा आकडा, तो जोडीने गुणायचा, वर सगळ्यांना मिळून एक सामाईक. त्या सामाईक आकड्याला मात्र टिंब लागत नाही; एकट्या संख्येने गुणण्यावरून भांडण नाहीच.

गणिताच्या वर्गात या जोडीच्या गुणाकाराला फारसा मान नसतो. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचा, खरा गुणाकार न समजलेल्या विद्यार्थ्याने केलेली गोष्ट, अशी त्याची ख्याती. पण १९११ साली गणितज्ञ इसाई शूरने दाखवलं की दोन सहप्रसरण मॅट्रिक्स (कोणत्या राशी एकमेकींसोबत किती बदलतात ते सांगणारे तक्ते) जोडीजोडीने गुणल्या तर येणारी मॅट्रिक्सही सहप्रसरण म्हणून वैध असते. ‘खऱ्या’ गुणाकारात सममितीसुद्धा (कर्णाच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे) टिकेल याची खात्री नसते. (सिद्धता शूरची, तरी गुणाकाराला बहुतेक जण हादामार या दुसऱ्या गणितज्ञाचं नाव देतात, ते असो.)

गाउसियन प्रोसेसवाले, म्हणजे अनोळखी वक्ररेषांचा अंदाज सहप्रसरणावरून बांधणारे, या प्रमेयावर निर्धास्त जगतात. दोन क्षणांमधलं सहप्रसरण किती ते सांगणाऱ्या सूत्राला ते कर्नल म्हणतात. दर वर्षी परतणाऱ्या चढउताराचं एक कर्नल, अंतराबरोबर ओसरत जाणारं दुसरं. दोन्हींच्या मॅट्रिक्स टिंब देऊन गुणायच्या. मिळतो तो ऋतूंसारखा ताल, यंदा गेल्या वर्षासारखाच, पण वीस वर्षांपूर्वीच्या त्या तालाशी जवळजवळ ओळख नसलेला.