शंभर रुपयांच्या आतलं इंजेक्शन आणि अजून काही

मेडिसिनमधे गेल्या दहाएक वर्षांत नवीन काय आलं असं विचारलं की डॉक्टरमंडळी लगेच जीन थेरपी नाहीतर कार-टी सेलवर (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची ट्रीटमेंट) येतात, आणि येणारच, गोष्टी खरंच भारी आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची जीन थेरपी कॅसजेव्ही 2023 मधे मंजूर झाली, अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची ब्लड कॅन्सरवरची कार-टी, नेक्सकार19, पण त्याच वर्षी मंजूर झाली, बाहेर तीन-चार कोटींना पडणारी ट्रीटमेंट इथे तेव्हा 40 लाखांच्या आसपास, थोर काम आहे, वादच नाही. पण मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, इथे 40 लाख हा आकडा जमिनीच्या व्यवहारातच ऐकू येतो. आणि नंदुरबार-गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या पोराला हायड्रॉक्सीयुरिया हे नेहमीचं औषध दर महिन्याला न चुकता मिळालं तरी आज पुष्कळ झालं.

तर माझी लिस्ट जरा वेगळी आहे.

पहिलं नाव लिग्नोकेन. हो तेच, दात काढायच्या आधी बधिर करायला देतात ते. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवेंच्या टीमने ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमधे गाठ काढायच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या भोवती हे इंजेक्शन दिलं, बस एवढंच, बाकी सर्जरी-केमो सगळं नेहमीसारखं. देशातली 11 सेंटर्स, जवळपास 1600 बायका, आणि 2023 मधे छापून आलेला रिझल्ट असा की पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 वर गेलं. साडेतीन-चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण कॅन्सरमधे एवढ्या फरकासाठी लाखोंची औषधं मंजूर होतात, आणि हे शंभर रुपयांच्या आतलं काम. कल्पना अशी की सर्जरीत गाठीला हात लागतो तेव्हा पेशी सुटून पसरायला बघतात आणि लिग्नोकेन पेशींचे सोडियम चॅनल (पेशीत सोडियम आत यायच्या वाटा) बंद करून ते अडवतं. आता शंका घेणारे आहेत आणि त्यांचंही बरोबर आहे, दुसऱ्या ग्रुपला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं आणि एका ट्रायलवर सगळं मानायचं नसतं. पण हीच गोष्ट एखाद्या पेटंटवाल्या औषधाने केली असती ना, तर एव्हाना आमच्या रविवारच्या सीएमईत (डॉक्टरांच्या अभ्यासवर्गात) जेवणाआधी त्याच्या चाळीस स्लाइड झाल्या असत्या. लिग्नोकेनचा एमआर, म्हणजे औषधाचा प्रचार करणारा कंपनीचा माणूस, कोण पाठवणार!

अर्थात कंपन्यांना शिव्या देऊन विषय संपत नाही. डापा आणि एम्पा, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळ्या, हे कंपन्यांच्याच पैशाने झालेलं काम. यांचा मूळपुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मधे काढलेला फ्लोरिझिन. शुगर लघवीवाटे बाहेर काढायची, एवढीच यांची ओळख होती. मग 2008 पासून अमेरिकेच्या एफडीएने अट घातली की डायबेटिसच्या नव्या औषधाने हार्टला धोका नाही हे दाखवा, आणि धोका शोधायला गेलेल्यांना 2015 मधे उलटंच सापडलं, एम्पावाल्या पेशंटमधे हार्टने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी! पुढे डायबेटिस नसलेल्या हार्ट फेल्युअरमधे फायदा, किडनीतही फायदा. त्यामुळे आता ओपीडीत रोजचा संवाद, "डॉक्टर, मला शुगर नाहीच ना, मग शुगरची गोळी कशापायी लिहिली?" डापाचं पेटंट इथे 2020 मधे संपलं, एम्पाचं मार्च 2025 मधे, आणि साठेक रुपयांची गोळी दहा-बारा रुपयांना मिळायला लागली. माझ्या दृष्टीने खरी बातमी त्या मार्चमधली. (एक सांगून ठेवतो, या गोळ्या चालू असताना नवरात्राचे निर्जळी उपवास डॉक्टरला न विचारता करू नका, आणि ठरलेलं ऑपरेशन असेल तर साधारण तीन दिवस आधी बंद करतात. शुगर नॉर्मल दिसते आणि आत किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढलेले असतात, फसवं प्रकरण आहे.)

टीबीचं सांगायलाच हवं. एमडीआर टीबी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी) म्हणजे आधी दीड-दोन वर्षं औषधं, त्यात कित्येक महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं, आणि त्यात अनेकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन त्यातल्याच. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या टीबीच्या गोळीचं पेटंट लांबवायला इथे हरकत घेतली आणि मार्च 2023 मधे आपल्या पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला. आता बीपाल्म नावाचा, बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड धरून चार औषधांचा कोर्स आहे, सहा महिन्यांत संपतो, एकही इंजेक्शन नाही, भारत सरकारने सप्टेंबर 2024 मधे मान्यता दिली. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, लक्ष ठेवावं लागतंच. आणि झारखंडच्या राशन्स ट्रायलमधे तर औषध नव्हतंच, टीबी पेशंटच्या घरच्यांना सहा महिने जास्तीचं धान्य-डाळ दिली आणि घरातला नवा टीबी 39 टक्क्यांनी घटला.

बाळंतपणात तर एक प्लास्टिकचा ड्रेप. बाईच्या खाली लावायचा, खाली पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेघा, किती रक्त गेलं ते दिसतं. अंदाजाने बघितलं तर रक्त नेहमी कमीच वाटतं, आणि तिथेच उशीर होतो. आफ्रिकेतल्या चार देशांत 80 हॉस्पिटलमधे हा ड्रेप लावून, रक्तस्राव दिसला की गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्सा (रक्त थांबवणारं), सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं असं ठरवलं, तर गंभीर प्रकार 60 टक्क्यांनी कमी झाले (2023). असा ड्रेप वापरून बेळगाव जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधी एएनएम सिस्टरांनी गावातली बाळंतपणं केली होती, मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीच्या ट्रायलमधे, ती 2006 मधेच छापून आली.

शेवटचं परत टाटातलं, कारण आमच्याकडे गुटख्याचे तोंडाचे कॅन्सर ढिगाने. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध, नेहमीचा डोस दर दोन आठवड्याला 240 मिलिग्रॅम. यांनी गोळ्यांच्या केमोबरोबर तीन आठवड्याला फक्त 20 दिलं, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेलं. म्हणजे एवढी वर्षं डोस किती लागतो हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नव्हता का? वायल (औषधाची बाटली) 40 मिलिग्रॅमची येते, 20 म्हणजे अर्धी, त्यामुळे दोन पेशंट एकाच दिवशी बोलावले तर एका वायलमधे दोघांचं भागतं.