ओकायामात लेकीचं घर लावून देताना

जपानमधली आमची पहिली रात्र मोबाईलच्या टॉर्चवर गेली. वीज होती, दिवा नव्हता. छताला नुसतं एक पांढरं, चपटं सॉकेट. खिडकीला पडदे नाहीत. नळाला बर्फासारखं पाणी, कारण गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी यावा लागतो आणि त्या वेळी भाडेकरू समोर हजर पाहिजे. तो येणार दुसऱ्या दिवशी सकाळी. मार्चअखेरची थंडी, जमिनीवर माझी शाल अंथरलेली आणि तिच्यावर बसून आम्ही मायलेकी डब्यातला चिवडा खातोय.

हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. प्रवेश, व्हिसा, स्कॉलरशिप यावर सांगणारे ढीगभर भेटतात. जपानमध्ये भाड्याची खोली रिकामी म्हणजे अक्षरशः रिकामी मिळते आणि बरेचदा दिवासुद्धा आपणच आणायचा असतो, हे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. म्हणून हा प्रपंच.

लेकीला ओकायामाला मास्टर्सला प्रवेश मिळाला. पुणेकरांना हे नाव ऐकून माहीत असतं, कारण सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मी व्हिजिटर व्हिसा काढून तीन आठवड्यांसाठी तिच्याबरोबर गेले. ‘आई, मी बावीस वर्षांची आहे’ हे वाक्य विमानतळावर पोचेपर्यंत चारदा ऐकलं. परत येताना एकदाही ऐकलं नाही.

आधी बॅग. मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची आहे, आपला २३० चा मिक्सर नुसता घरघरेल. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. कुकर न्यायचा तर तळ इंडक्शनवर चालणारा आहे ना, ते चुंबक लावून बघा. आमच्या खोलीत सुदैवाने गॅस होता, पण तिच्या मैत्रिणीच्या हॉस्टेलवर इंडक्शन आहे आणि तिचा अ‍ॅल्युमिनियमचा पाच लिटरचा कुकर आता तांदळाचा डबा झालाय. ताजी फळं, कढीपत्ता, मांसाचं काहीही अजिबात नको. औषधांचंही नीट बघा. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या एक महिन्यापर्यंतच्या चालतात, जास्त न्यायच्या तर आधी ऑनलाइन परवानगी काढायची. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असतं, त्यांना तिथे बंदी आहे. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

आम्ही ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावर उतरलो. विद्यार्थ्याचं रहिवासी कार्ड, म्हणजे ‘झाइर्यू कार्ड’, अशा मोठ्या विमानतळांवर तिथेच हातात मिळतं. ते कायम जवळ बाळगायचं, हा कायदा आहे. विसरलात तर दंड होऊ शकतो. त्याच खिडकीवर पार्टटाइम कामाच्या परवानगीचा अर्ज द्यायचा. फॉर्म घरूनच छापून भरून न्या. मागितला नाही तर कुणी आपणहून देत नाही, आणि मग त्या एका शिक्क्यासाठी नंतर इमिग्रेशन ऑफिसची वारी. लेक विमानातच फॉर्म भरून बसली होती. पाच मिनिटांत काम झालं.

पुढे हारुका गाडीने शिन-ओसाका, तिथून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर शिनकानसेनमध्ये सामानाच्या जागेसकट सीट आधी राखून ठेवावी लागते. घरी टेप घेऊन मोजा. नाहीतर विमानतळावरच ‘ताक्क्यूबिन’ने, म्हणजे घरपोच कुरिअरने, बॅग पाठवून द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी दारात येते.

आता मुद्द्याचं. जपानमधलं विद्यार्थ्याचं सगळं आयुष्य दोन गोष्टींवर उभं आहे, नाव आणि पत्ता. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत महापालिकेत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. ते कार्डाच्या मागे पत्ता घालून देतात. तो पत्ता असला की फोनचा करार होतो. फोन नंबर असला की बँक दारात उभं करते. बँक खातं असलं की घरभाडं, गॅस, वीज, फी सगळं त्यातून वळतं. एक कडी सुटली की पुढची सगळी माळ लोंबकळत राहते. म्हणून चौदा दिवसांची वाट बघू नका. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो, गॅसवाला आल्यावर. मार्चअखेरीला सगळा देश घरं बदलत असतो, त्यामुळे ऑफिसात दोन तास बसलो.

पत्ता एका फेरीत झाला. नावाने मात्र दोन आठवडे खाल्ले.

आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव, मग आडनाव. कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं, आडनाव आधी, सगळं एका ओळीत. तिथे मधलं नाव हा प्रकार नाही. त्यामुळे दवाखान्यात लेकीला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात आणि ती उठून उभी राहते. हे एक वेळ हसण्यावारी नेता येतं. पण प्रत्येक फॉर्मवर नाव काताकाना लिपीतही (परदेशी नावं जपानीत याच लिपीत लिहितात) लिहायचं असतं, एका चौकटीत एक अक्षर. कुलकर्णीचं होतं ‘कुरुकारुनि’. शेवटचा ‘नि’ लांबवायचा तर पुढे एक आडवी रेघ येते. लेकीने बँकेत रेघ न देता लिहिलं, आणि फी खात्यातून वळती करण्याच्या फॉर्मवर रेघ देऊन. आठ दिवसांनी फॉर्म साभार परत. कारण: नाव जुळत नाही. तिने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून माझ्यासमोर धरले, आणि ती रेघ दिसायला मला चष्मा लागला.

तेव्हा निघण्याआधीच घरी बसून काताकानातलं एकच स्पेलिंग ठरवा. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कागदावर लिहा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि मरेपर्यंत तेच लिहा. पुण्यात जपानी शिकवणारे भरपूर आहेत, कुणाकडूनही एकदा तपासून घ्या.

बँकेचंही सांगते. देशात येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका खातं उघडायला नाखूश असतात. आम्ही गेलो त्या पहिल्या बँकेतल्या बाईंनी अकरा वेळा कमरेत वाकून ‘नाही’ सांगितलं. इतकं गोड ‘नाही’ मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, बाहेर आल्यावर कळलं की काम झालेलं नाही. विद्यार्थ्यांची गाडी बहुतेक पोस्टाच्या बँकेपासून सुरू होते. सोबत येनमध्ये रोख ठेवा, पहिल्या महिन्यात लागतेच. आमचा बराच खर्च दिवा, पडदे, गादी, भांडी यात गेला. दिवा मात्र छान निघाला. दुकानातून आणायचा, सॉकेटमध्ये अडकवून फिरवायचा, खट्. इलेक्ट्रिशियन लागत नाही. फ्रिज आणि सायकल सेकंडहँड मिळाली. मोठं सामान टाकायला तिथे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे पास होऊन जाणारी मुलं मार्चमध्ये वस्तू जवळजवळ फुकट देतात. विद्यापीठातल्या सीनियर मुलांना आधीच विचारून ठेवा.

खासगी खोली घेताना भाड्याखेरीज डिपॉझिट, काही ठिकाणी घरमालकाला परत न मिळणारी ‘रेइकिन’, हमी देणाऱ्या कंपनीची फी, कुलूप बदलण्याचे पैसे, आगीचा विमा असं बरंच असतं. पहिल्या दिवशी चार-पाच महिन्यांचं भाडं एकदम गेलं तर दचकू नका. विद्यापीठाचं हॉस्टेल मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. आम्हाला मिळालं नाही. सरकारी विद्यापीठाची ठरावीक फी वर्षाला ५ लाख ३५ हजार ८०० येन आणि प्रवेशाचे २ लाख ८२ हजार, काही विद्यापीठांची आता याहून जास्त. फीमाफीचा अर्ज असतो, मुदत आल्या आल्या विचारा.

पत्ता नोंदवला त्याच दिवशी आरोग्य विमा झाला. तो सक्तीचा आहे. दवाखान्याच्या बिलातले ३० टक्के आपण भरायचे. मागच्या वर्षी उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला हप्ता अगदी कमी बसतो. याच्या पाठोपाठ पेन्शनचं पाकीट येतं, वीस वर्षांवरच्या सगळ्यांना. हप्ता महिना १७ हजार येनच्या पुढे. लेक पाकीट हातात धरून पांढरी पडली. घाबरायचं नाही आणि कपाटातही टाकायचं नाही. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलायची सवलत आहे, पण अर्ज केला तरच.

कामाचा नियम सगळ्यांना माहीत असतो, आठवड्याला २८ तास. त्यातली मेख अशी, की हे सगळ्या नोकऱ्या मिळून २८, आणि आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तरी २८ च्या आत बसला पाहिजे. मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास चालतात. पाचिंको पार्लर (जुगाराच्या मशिनांचा अड्डा) किंवा बारमध्ये बायकांनी गिऱ्हाइकांशेजारी बसायची कामं पूर्ण बंद, तिथे भांडी घासायलासुद्धा नाही. ‘कोण बघतंय’ म्हणणारे सीनियर भेटतील. व्हिसा वाढवताना पालिकेचा उत्पन्नाचा दाखला मागितला जाऊ शकतो, त्यावर सगळं छापलेलं असतं. ताशी साधारण हजार येन धरा आणि त्यावर फी भागेल असं गणित मांडू नका.

खाण्याचं मी शाकाहारी माणूस म्हणून सांगते. ‘मांस नको’ म्हटलं की मासे येतात. मासे नको म्हटलं तरी रस्सा ‘कात्सुओबुशी’चा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा असतो. मिसो सूप, उदोन नूडल्स, सगळ्यात तो. माझा आधार तीनच गोष्टी: आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) भरलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, तोफू आणि घरचं. तांदळाचा भाव बघून मी जागच्या जागी थांबले, त्या एप्रिलमध्ये ५ किलोची पिशवी ४ हजार येनच्या वर होती. तूरडाळ भारतीय दुकानांतून पार्सलने येते. सुपरमार्केटात रात्री आठनंतर जा, तयार पदार्थांवर अर्ध्या किमतीची स्टिकरं लागतात. लेक दुसऱ्याच आठवड्यात स्टिकर लावणाऱ्या काकांच्या मागेमागे हिंडायला शिकली. फोडणी मात्र बेतानं करा, धुराचा अलार्म छतावर असतो आणि शेजारी भिंतीला लागून. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, ते गोठवायची पावडर शंभर येनच्या दुकानात मिळते.

कचरा हा स्वतंत्र पेपर आहे. पालिकेने वेळापत्रक दिलं होतं, जळणारा अमुक वारी, बाटल्या-डबे अमुक वारी. ओकायामात जळणाऱ्या कचऱ्याला पालिकेच्या ठरलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. सकाळी नेमून दिलेल्या जागी ठेवून वरून कावळ्यांसाठीची जाळी नीट ओढायची. पहिल्या वेळी आमची पिशवी तिथेच राहिली, वर एक स्टिकर. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वेष्टण वेगळं केलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, काही न बोलता बाटली उचलली, झाकण फिरवलं, वेष्टण टर्रकन फाडलं आणि तिन्ही गोष्टी माझ्या हातात ठेवल्या. नंतर आम्ही त्यांना शेंगदाण्याची चिक्की नेऊन दिली.

ओकायामा सपाट, सायकलचं गाव. सायकलची नोंदणी सक्तीची आहे, सेकंडहँड घेतली तर आधीच्या मालकाकडून कागद मागून घ्या, नाहीतर पोलिसाने हटकल्यावर चोरीची वाटते. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, पण डबलसीट नाही, एका हातात छत्री नाही, हातात मोबाईल तर मुळीच नाही. १ एप्रिल २०२६ पासून सायकलस्वारांनाही जागेवर दंडाची पावती आहे. पुण्याच्या माणसाला हे जड जाणार.

पालिकेने पुराचा नकाशाही दिला. जुलै २०१८ च्या पावसात शेजारच्या कुराशिकीतला माबी भाग पाण्याखाली गेला होता. आपलं घर कुठल्या रंगात आहे आणि आसऱ्याची शाळा कुठली, ते बघून एकदा चालत जाऊन या. अँब्युलन्स आणि आगीला ११९, पोलिसांना ११०.

आणखी एक, दिवाळीला घरी येणाऱ्यांसाठी. जपानमधून निघताना विमानतळावरच्या कार्डावर ‘परत येणार’ या चौकटीत खूण करायची. ती केली आणि वर्षाच्या आत (व्हिसाची मुदत त्याआधी संपत नसेल तर) परतलात, तर वेगळी परवानगी लागत नाही. न करता निघालात, तर विद्यार्थी म्हणून मिळालेला दर्जाच जातो.

कोराकुएन मी शेवटच्या रविवारी पाहिलं. चेरी संपत आली होती, नदीपलीकडे काळा किल्ला. हिरवळ एवढी मोठी की आपलं सिंहगड रस्त्यावरचं उद्यान तिच्या कडेला मावेल असं वाटलं. त्यावर जास्त लिहीत नाही, फोटो सगळीकडे आहेत.

निघायच्या सकाळी लेक खाली टपालपेटीवर नाव चिकटवत होती. काळ्या पेनने काताकानात, पाच अक्षरं. मी बॅग खाली ठेवली, चष्मा लावला आणि शेवटच्या अक्षरापुढे रेघ आहे का ते पाहिलं. नव्हती.